मूसच्या बेटावर चार दिवस

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर पाच मोठी सरोवरे दिसतात. त्यांतील सर्वांत मोठे ते सुपीरियर. पृष्ठभागाच्या दृष्टीने गोड्या पाण्याचे याहून विस्तीर्ण सरोवर पृथ्वीवर दुसरे नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या केरळसारखी दोन राज्ये त्यात बुडविली तरीही पाणी शिल्लक राहील. या जलाशयाच्या वायव्य भागात, कॅनडाच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, एक लांबट बेट आहे. त्याचे नाव आयल रॉयल. त्या बेटावर आम्ही एका जून महिन्यात चार दिवस काढले. तेथील मूस या प्राण्याविषयी वाचकांना काही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने मिशिगन राज्यात राहतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता त्याने विचारले, “काका, तुम्हाला शहरे पाहायची आहेत की अरण्य?” मी काही बोलण्यापूर्वीच आमची सौ. म्हणाली, “अरे, शहरे काय, सगळीकडे सारखीच. जेथे मोटारीचा आवाज नाही, अशा ठिकाणी ने.” आयल रॉयल हे असे ठिकाण आहे, की जेथे एकही मोटार नाही आणि मोटारीसाठी रस्ताही नाही. अशा रीतीने आमच्या प्रवासाचा निर्णय घरच्या न्यायालयातच लागला.

मिशिगनच्या उत्तर टोकाला कॉपर हार्बर नावाचे लहानसे गाव आहे. तेथून बेटापर्यंतचे सुमारे 90 किलोमीटरांचे अंतर बोटीने काटावयाचे असते. आम्ही निघालो तेव्हा सूर्य होता. तासाभरात धुके उतरले आणि जून महिना असूनही अंगात लोकरीचे कपडे घालूनसुद्धा हुडहुडी भरली. चहूकडे केवळ राखाडी पाणी. सुमारे चार तासांनंतर धुक्यातून काळ्या खडकांची एक रांग आणि तिच्यावर सूचिपर्णी वृक्षांचे शेंडे दिसू लागले. बोटीवरील मंडळी आपोआपच बोलावयाची थांबली.

बेटाची ओळख

बेट सुमारे 72 किलोमीटर लांब असून रुंदीला जास्तीत जास्त 14 किलोमीटर आहे. त्याच्या भोवती लहान लहान शेकडो बेटांची पिल्लावळ आहे. ओजिब्वे जमातीचे लोक या भूमीला मिनाँग म्हणतात. येथील खडकांत शुद्ध तांबे सापडते आणि हजारो वर्षांपूर्वी मूळ रहिवासी ते दगडी हातोड्यांनी फोडून काढीत असत. त्या खाणींचे खड्डे आजही दिसतात. 1940 साली हे बेट राष्ट्रीय उद्यान झाले. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ते प्रवाशांना बंद असते. पाळीव कुत्रा बरोबर आणण्यास येथे सक्त मनाई आहे. हा नियम प्रथम ऐकला तेव्हा तो मला अनावश्यक कडक वाटला होता. त्यामागची हकीकत पुढे येईलच.

मुख्य भूमीवर आढळणारे पुष्कळ प्राणी या बेटावर नाहीत. अस्वल नाही, पांढऱ्या शेपटीचे हरीण नाही. लांडगा, कोल्हा, बीव्हर, ससा, खार असे मोजकेच सस्तन प्राणी येथे आहेत आणि या सर्वांत थोरला मूस. मराठी वाचकाला ‘मूस’ म्हटले की सोनाराची मूस आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु या नावाचा तिच्याशी काही संबंध नाही. हा शब्द अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतून आला असून ‘साल सोलून खाणारा’ असा त्याचा अर्थ सांगतात. युरोपात याच प्राण्याला ‘एल्क’ म्हणतात. अमेरिकेत मात्र एल्क हे नाव दुसऱ्याच एका हरणाला दिलेले असल्यामुळे इंग्रजी पुस्तके वाचताना घोटाळा होतो.

पहिले दर्शन

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एका लहान तळ्याच्या काठी जाऊन बसलो. डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. सौ. हळूच म्हणाली, “अहो, मोटारी नाहीत हे खरे, पण प्राणीही दिसत नाहीत.” इतक्यात पलीकडच्या काठाजवळ पाण्यातून एक प्रचंड डोके वर आले. पाण्याच्या धारा दोन्ही बाजूंनी गळत होत्या आणि तोंडात पाणवनस्पतींचा झुपका लोंबत होता. जे आम्ही इतका वेळ बुडालेले खोड समजत होतो, ती त्या प्राण्याची पाठ होती!

मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. आपल्या अरण्यांतील सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण. परंतु पूर्ण वाढलेला मूस-नर सांबराच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो. खांद्यापाशी त्याची उंची माणसाच्या डोक्याइतकी किंवा त्याहून अधिक भरते. रूप मात्र राजबिंडे म्हणता येणार नाही. पाय काठ्यांसारखे लांब, खांद्यावर उंचवटा, नाक लांबट व पुढे लोंबणारे, गळ्याखाली केसाळ कातड्याची एक पिशवी. देवाने उरलेसुरले अवयव एकत्र करून हा प्राणी घडविला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु थोडा वेळ पाहत राहिले म्हणजे प्रत्येक अवयवाचे प्रयोजन ध्यानी येते. लांब पाय खोल बर्फात आणि चिखलात चालण्यासाठी आहेत. नाकपुड्या पाण्याखाली मिटतात, म्हणून तो तळाशी डोके घालून वनस्पती उपटू शकतो. त्या वनस्पतींमध्ये सोडियम असते. झाडपाल्यात ते फारसे मिळत नाही. म्हणून उन्हाळाभर मूस तळ्यात उतरतो व वर्षाची मिठाची गरज भागवून घेतो.

आमच्या समोरचा प्राणी नर होता. त्याची शिंगे नुकतीच फुटू लागली होती आणि त्यांवर मऊ मखमलीसारखे आवरण होते. गायी-म्हशींची शिंगे जन्मभर राहतात. मूसची शिंगे दर हिवाळ्यात गळतात व वसंतात पुन्हा उगवतात. उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत ती पसरट फावड्यासारखी रुंद होतात. मोठ्या नराच्या शिंगांचा विस्तार दीड मीटरहूनही जास्त भरू शकतो. एवढे हाड दरवर्षी नव्याने घडवावयाचे म्हणजे किती अन्न लागत असेल, याची कल्पना करावी.

वर्षाचा फेरा

मूसचे आयुष्य ऋतूंच्या तालावर चालते. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी मादीला एक, आणि अन्न मुबलक असेल तर दोन पिल्ले होतात. जन्मतः सुमारे 15 किलो वजनाचे तांबूस पाडस पाच महिन्यांत शंभर किलोंच्या पुढे जाते. या काळात आई त्याला क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही. लांडगा असो वा माणूस, पिल्लाजवळ येणाऱ्यावर ती पुढच्या खुरांनी असा प्रहार करते की हाड मोडावे.

परंतु वर्ष उलटते आणि नव्या बाळंतपणाची वेळ येते, तेव्हा तीच आई गेल्या वर्षीच्या पाडसाला कान मागे टाकून, अंगावर धावून हाकलून लावते. पहिल्या दिवशी सायंकाळी आम्हाला वाटेत एक एकटेच, बावरलेले, वर्षाचे पोर दिसले होते. ते चार पावले पुढे येई आणि पुन्हा थांबे. पुतण्याने त्याची ही कथा सांगितल्यावर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपणही पोरांना परदेशी धाडतोच की. फरक इतकाच, आपण स्टेशनावर रडतो.” पुतण्या हसला, पण त्याने काकूंच्या हातातील पिशवी आपल्याकडे घेतली.

शरद ऋतू हा नरांचा झुंजीचा काळ. त्या दिवसांत ते खाणेपिणेही जवळजवळ विसरतात आणि वजन घटवून हिवाळ्याला सामोरे जातात. हिवाळा हीच खरी परीक्षा. पाने गळालेली, तळी गोठलेली, बर्फ छातीपर्यंत. अशा वेळी कोवळ्या फांद्यांची टोके आणि बाल्सम फर या वृक्षाची पालवी एवढाच आहार. त्यावर पोट भरते, परंतु अंगातील चरबी झिजतच जाते. वसंत लवकर आला तर जीव वाचतो; लांबला तर दुबळे प्राणी बर्फातच पडतात.

थंडी मात्र त्याची शत्रू नव्हे. दाट केसांचा कोट आणि प्रचंड शरीर यांमुळे कडाक्याच्या थंडीतही तो सुखात असतो. त्याला सोसत नाही ती उष्णता. उन्हाळ्यात तापमान 14 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचा श्वास वाढू लागतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ज्या हवेत आम्ही लोकर पांघरून कुडकुडत होतो, तीच त्याच्या लेखी उकाड्याची सीमा होती!

लांडगा आणि मूस

मूस या बेटावर मुळात नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते येथे आले. शत्रू नाही आणि चारा भरपूर, यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढली. 1929 व 1930 साली अ‍ॅडॉल्फ म्यूरी या शास्त्रज्ञाने येथे येऊन पाहणी केली, तेव्हा झाडोरा ओरबाडून निघालेला होता. ही स्थिती टिकणार नाही, उपासमार येईल, असे त्याने बजावले. काही वर्षांतच त्याचे म्हणणे खरे ठरले आणि मूस मोठ्या संख्येने मेले.

1940 ते 1950 या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत काही लांडगे बेटावर पोहोचले. तेव्हापासून या बेटाचा इतिहास म्हणजे या दोन प्राण्यांचा इतिहास आहे. 1958 साली पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक ड्युअर्ड अ‍ॅलन यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पुढे तो मिशिगन तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेला आणि रॉल्फ पीटरसन यांनी त्याला आपले आयुष्य वाहिले. दर हिवाळ्यात लहान विमानातून बेटावर घिरट्या घालून लांडगे व मूस मोजावयाचे आणि उन्हाळ्यात रानात हिंडून मेलेल्या मूसची हाडे गोळा करावयाची, असा हा क्रम आहे. भक्ष्य व भक्षक यांचा एकाच ठिकाणी इतका दीर्घकाळ चाललेला दुसरा अभ्यास जगात नाही.

पीटरसन आणि त्यांच्या पत्नी यांनी रॉक हार्बरच्या खाडीकाठी कोळ्यांच्या एका जुन्या झोपडीत कित्येक उन्हाळे काढले. भोवती मूसच्या शिंगांची व कवट्यांची रांग मांडलेली असे. या हाडांनी काय सांगितले, ते ऐकण्याजोगे आहे. लांडगे वाटेल त्या मूसला मारू शकत नाहीत. धडधाकट मूस पाय रोवून उभा राहिला, तर लांडगे बहुधा माघार घेतात. त्यांच्या तोंडी पडतात ती लहान पिल्ले, आणि म्हातारे, दात झिजलेले, संधिवाताने आखडलेले प्राणी. याहून विलक्षण गोष्ट अशी, की ज्या मूसला जन्माच्या सुमारास अन्न कमी पडले, त्याची हाडे खुंटलेली राहतात आणि म्हातारपणी त्यालाच संधिवात होण्याचा संभव अधिक असतो. बाळपणातील उपासमार दहा-बारा वर्षांनंतर सांध्यांतून बोलते आणि मग लांडगा ती ऐकतो. बालसंगोपनाचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एका कुत्र्याची किंमत

1980 साली बेटावर 50 लांडगे होते. दोनच वर्षांत त्यांतील अवघे 14 उरले. कारण शोधता शोधता असे दिसून आले, की पार्व्होव्हायरस नावाचा कुत्र्यांचा साथीचा रोग बेटावर शिरला होता. नियम मोडून कोणी तरी आपला लाडका कुत्रा बेटावर आणला असावा आणि त्याच्याबरोबर रोग आला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. आणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. चार दिवस कुत्र्याला घरी कसे ठेवावे, एवढाच विचार त्याने केला असेल. आपल्याकडेही 2018 साली गीरच्या अरण्यात ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या विषाणूने सिंहांचे बळी घेतले, हे वाचकांना आठवत असेल. तोही कुत्र्यांमध्ये आढळणारा रोग आहे. पाळीव आणि रानटी यांच्यामधील रेषा किती पातळ असते, ते अशा वेळी कळते.

लांडगे घटले आणि मूस वाढले. 1995 साली त्यांची संख्या सुमारे 2,400 झाली. त्यानंतर आला 1996 चा भयंकर हिवाळा. चारा संपलेला, बर्फ खोल आणि अंगावर गोचिडींचा सुळसुळाट. वर्षभरानंतर जेमतेम 500 मूस उरले. जेथे लांडगे आवरून धरीत नाहीत, तेथे भूक आवरून धरते. आणि भुकेचा न्याय लांडग्याहून क्रूर असतो, कारण ती म्हातारा-तरुण असा भेद करीत नाही आणि जाताना रानही उजाड करून जाते.

इकडे लांडग्यांचे कुळ आतल्या आत क्षीण होत चालले होते. पूर्वी हिवाळ्यात सरोवर गोठून किनाऱ्यापर्यंत बर्फाचा पूल होई आणि क्वचित एखादा नवा लांडगा येऊन रक्त पालटे. 1997 साली असा एक लांडगा कॅनडातून आला आणि त्याच्या संततीने काही काळ कळपांत जोम आणला. परंतु हवामान उष्ण होत गेल्याने हे पूल दुर्मिळ झाले. जवळच्या नात्यांतील संबंधांमुळे पिल्ले व्यंग घेऊन जन्मू लागली. 2016 ते 2018 या काळात बेटावर केवळ दोन लांडगे होते, आणि तेही एकमेकांचे निकटचे आप्त. मूसची संख्या पुन्हा 2,000 च्या घरात गेली.

आता काय करावे, यावर अमेरिकेत अनेक वर्षे वाद झाला. काहींचे म्हणणे, हे अरण्य आहे. त्यात माणसाने हात घालू नये. इतरांचे म्हणणे, माणसाने हात आधीच घातला आहे. रोग त्याने आणला, बर्फाचे पूलही त्याच्याच धुरामुळे वितळले. मग आता हात बांधून बसणे हा प्रामाणिकपणा नव्हे. अखेर 2018 व 2019 या वर्षांत सरकारने मुख्य भूमीवरून आणि कॅनडातून 19 लांडगे आणून बेटावर सोडले. त्यांतील एक मादी पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून चालत परत निघून गेली. बाकीचे राहिले, त्यांना पिल्ले झाली. 2024 च्या हिवाळ्यातील मोजणीत सुमारे 30 लांडगे आणि सुमारे 840 मूस असल्याचा अंदाज करण्यात आला.

आम्ही एका पायवाटेने जाताना तारेचे कुंपण घातलेला जुना भूखंड पाहिला. मूसना आत शिरता येऊ नये म्हणून अभ्यासासाठी तो राखलेला आहे. आत फरची झाडे दाट व उंच होती. बाहेर तीच झाडे कुरतडून कंबरेएवढी खुजी राहिली होती. पुस्तकातील दहा पाने जे सांगू शकली नसती, ते त्या एका कुंपणाने दाखविले. लांडगा मूसला मारतो हे खरे. परंतु त्यामुळेच मूसच्या नातवंडांसाठी चारा राहतो.

लहान शत्रू

आता थोडे गोचिडींविषयी. मूसला छळणारी हिवाळी गोचीड शरद ऋतूत झुडपांच्या टोकावर घोळक्याने वाट पाहत बसते. शेजारून जाणाऱ्या प्राण्याच्या केसांना ती चिकटते आणि सारा हिवाळा त्याच्याच अंगावर राहून रक्त पिते. वसंतात तट्ट फुगलेल्या माद्या जमिनीवर पडून अंडी घालतात. जमिनीवर बर्फ असेल तर त्या मरतात. नसेल तर जगतात. शरदात बर्फ लवकर पडला तर वाट पाहणारी बाळगोचीडही मरते. म्हणजे पूर्वी या किडीला आवरून धरणारा राखणदार बर्फच होता. आता हिवाळा उशिरा येतो व लवकर जातो, आणि त्या अधिक दिवसांत गोचिडी माजतात. एकेका मूसच्या अंगावर त्या हजारोंनी, कधी कित्येक हजारोंनी असतात. खाजेने वेडावलेला प्राणी झाडांना अंग घासून घासून केस घालवितो. त्याची उघडी, पांढुरकी कातडी पाहून तिकडचे लोक त्याला ‘भूत-मूस’ म्हणतात. न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांत 2014 ते 2016 या काळात ज्या पाडसांवर शास्त्रज्ञांनी नजर ठेवली होती, त्यांपैकी सुमारे 70 टक्के पाडसे पहिला हिवाळा संपताना दगावली. कोणा हिंस्र पशूने त्यांना मारले नव्हते. त्यांचे रक्तच संपले होते.

दुसरा शत्रू याहून सूक्ष्म. मुख्य भूमीवरील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोक्यात एक बारीक कृमी असतो. हरणाला त्याचा त्रास होत नाही. त्याच्या लेंडीतून कृमी गोगलगाईत जातो, पानाबरोबर गोगलगाय मूसच्या पोटात जाते आणि कृमी मूसच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. मग तो बलदंड प्राणी एकाच जागी गोल गोल फिरतो, वाट चुकतो आणि शेवटी उठेनासा होतो. जंगलतोड झाली, हिवाळे सौम्य झाले, तशी ही हरणे उत्तरेकडे सरकली आणि कृमीही सरकला. मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागात 2006 साली सुमारे 8,800 मूस होते. 2013 पर्यंत ते 3,000 च्याही खाली आले आणि त्या वर्षी राज्याने त्यांची शिकार बंद केली. त्याच राज्याच्या वायव्य भागात तर 1980 नंतरच्या दशकात सुमारे 4,000 असलेले मूस 2007 पर्यंत शंभराच्या आत आले. आयल रॉयलवर पांढऱ्या शेपटीचे हरीण नाही, म्हणून हा कृमीही नाही. बेटाच्या एकटेपणाचा हा एवढा फायदा.

सर्वत्रच मूस संकटात आहे, असे मात्र कोणी समजू नये. अलास्का, कॅनडाचे बरेचसे भाग, स्वीडन, रशिया येथे तो लाखोंच्या संख्येने आहे. न्यूफाउंडलंड बेटावर 1904 साली आणून सोडलेल्या चार मूसचा वंश आता तर लाखाच्या वर गेला आहे. परंतु जेथे तो आहे, तेथे रस्तेही आहेत. मूसचे पाय लांब असल्याने मोटारीचा धक्का त्याच्या पायांना बसतो आणि अवजड धड काचेतून आत येते. प्राणी जातो आणि माणूसही जातो. यासाठी स्वीडनमध्ये महामार्गांना मैलोगणती कुंपणे घातली असून प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून पूल बांधले आहेत. अशा उपायांवर होणारा खर्च वाया जात नाही, हा तेथील अनुभव आपल्या अरण्यांतून रस्ते नेणाऱ्यांनीही लक्षात घेण्याजोगा आहे.

शेवटची सायंकाळ

निघण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी गेलो. या वेळी पाण्यात मादी होती आणि काठावरच्या गवतात दोन-तीन आठवड्यांचे तांबूस पाडस. मादीच्या खांद्यावरचे केस ठिकठिकाणी गेलेले होते. गोचिडींनी काढलेल्या हिवाळ्याची ती खूण. बरगड्याही दिसत होत्या. तरी ती एकसारखी डोके बुडवून खात होती, आणि दर वेळी डोके वर काढताच प्रथम पाडसाकडे पाहत होती.

दूर कोठेतरी एक लांबलचक हाक उठली. लांडगाच तो. मादीने कान टवकारले, पाण्यातून बाहेर आली आणि पाडसाच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. सौ.ने माझा हात घट्ट धरला होता. काही वेळाने रान पुन्हा शांत झाले. मादी पाडसाला घेऊन झाडीत निघून गेली.

परतीच्या वाटेवर पुतण्याने विचारले, “काकू, तुम्ही कोणाच्या बाजूच्या? लांडग्याच्या की मूसच्या?”

“अर्थात त्या आईच्या,” ती म्हणाली. मग थोडे चालल्यावर तिनेच पुढे जोडले, “पण लांडगीलाही पिल्ले असतीलच ना कोठे तरी.”

मला वाटते, एवढ्या वर्षांच्या त्या शास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्षही याहून फारसा वेगळा नसावा. मूसला लांडग्यापासून वाचविण्याची गरज नाही. तो व्यवहार ते दोघे आपसांत हजारो वर्षे करीत आले आहेत. त्याला गरज आहे ती बर्फाच्या हिवाळ्याची, चाऱ्याची आणि मोकळ्या रानाची. या तिन्ही गोष्टी आता माणसाच्या हाती आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली, तेव्हा धुके नव्हते. पाणी काचेसारखे स्वच्छ होते, ऊन चांगलेच तापले होते आणि आमच्यापैकी कोणालाही लोकरी कपडे घालावे लागले नाहीत. बोटीवरची मंडळी हवा किती छान आहे म्हणून आनंदित झाली होती. मी मात्र मागे पडत चाललेल्या त्या काळ्या किनाऱ्याकडे पाहत होतो आणि ती मादी या वेळी कोणत्या सावलीत उभी असेल, याचा विचार करीत होतो.